गव्हाच्या कणाशिवाय कब्सा आणि मचबूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुवेतमध्ये सालमियात नऊ वर्षं काढून आम्ही पुण्याला परत आलो, तेव्हा सामानात दोन किलो लूमी (वाळवलेली लिंबं) होती. कस्टमवाल्याने पिशवी नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि परत दिली. पुढे भाचीला सिलिॲक (ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन न चालणारा आतड्याचा आजार) निघालं आणि घरातल्या मेजवानीचा बेतच बदलला. पुरी-श्रीखंड गेलं, पावभाजी गेली, मचबूस, म्हणजे कोंबडी किंवा मटणाबरोबर शिजवलेला अरबी भात, राहिला. नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय.

कब्सा, मचबूस आणि मंदी हे एकच की वेगळं?

कब्सा आणि मचबूस सख्खी भावंडं आहेत. दोन्ही नावं अरबीतल्या ‘दाबणे’ या अर्थाच्या धातूवरून आली आहेत, म्हणजे सगळं एका पातेल्यात दाबून शिजवलेलं. सौदीत कब्सा म्हणतात. कुवेत, बहरैन, कतारकडच्या बोलीत ‘क’चा ‘च’ होतो, म्हणून तिथे मचबूस. मचबूसमध्ये लूमीचा आंबटपणा जास्त, आणि कुवेतमध्ये वर कांदा-बेदाण्याचा ‘हशू’ पसरतात.

मंदी येमेनमधल्या हद्रमौतची. तिथे जमिनीतल्या भट्टीत मांस भाताच्या वर टांगतात आणि चरबी भातावर ठिबकत राहते. हैदराबादच्या बार्कस भागात निजामाच्या फौजेतल्या हद्रमी अरबांचे वंशज राहतात. आपल्याकडे मंदी ओळखीची झाली त्यात त्या वाटेचाही हात आहे. घरच्या गॅसवर खरी मंदी होत नाही, असं माझं मत. कोळशाचा धूर देऊन जे होतं ते धुरकट कब्साच असतं. चांगलं लागतं, पण नाव उगाच मोठं नको.

यात मुळात ग्लुटेन असतं का?

नाही. तांदूळ, कोंबडी, कांदा, टोमॅटो, लसूण, अख्खे मसाले, तेल-तूप. यातल्या कशातही ग्लुटेन नाही. त्यामुळे ‘ग्लुटेन-फ्री कब्सा’ ही काही वेगळी पाककृती नाही. पदार्थ आधीच स्वच्छ आहे, गहू आपण आपल्या हाताने आत आणतो.

सगळंच अरबी जेवण मात्र असं नाही. गंमत बघा, कब्सा हाच सौदीचा राष्ट्रीय पदार्थ असं बहुतेकांना वाटतं. पण जानेवारी २०२३ मध्ये सौदी सरकारने अधिकृत मान दिला तो जरीशला, आणि जरीश म्हणजे भरडलेला गहू. हरीस गव्हाची, बुलगुर गव्हाचा, फ्रीका म्हणजे हिरवा भाजलेला गहू, थरीदमध्ये रोटीचे तुकडे. अरबी मेजवानीला बोलावणं आलं तर सिलिॲकवाल्याने भाताच्या परातीकडे वळावं.

मग गहू शिरतो तरी कुठून?

आमच्याकडे कुठून शिरला ते सांगते. भाची पहिल्यांदा जेवायला येणार होती. तांदूळ नवा, मसाला घरी भाजलेला, पातेलं घासूनपुसून. दळलेला बहारात, म्हणजे अरबी मसाला, भरड वाटला म्हणून सवयीने चाळणी उचलली आणि चाळला. ती चाळणी रोजच्या कणकेची. जाळी आणि पत्र्याची कड जिथे मिळतात त्या खाचेत पीठ घट्ट बसलेलं असतं, कितीही आपटा. पोरगी दोन दिवस पोट धरून होती आणि मी प्रत्येक जिन्नस आठवत होते. चाळणी हा जिन्नस नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवशी आठवली.

तेव्हापासून मी स्वयंपाकघराकडे बघते ते असं. लाकडी कालथा आणि लाटणं गव्हाचं पीठ शोषून बसतात, म्हणून लाकडाचा डाव वेगळा ठेवायचा किंवा सरळ स्टीलचा वापरायचा. पुऱ्या तळलेलं तेल कांदा तळायला घ्यायचं नाही. पोळपाटाशेजारी कोंबडी कापायची नाही. पोळ्यांना लावायच्या तुपाच्या भांड्यात पिठाचा चमचा बुडालेला असतो, ते तूप नको. मिसळणाच्या डब्यातला चमचा कुठेकुठे फिरून आलेला असतो, तो तर नकोच.

विकतच्या वस्तूंत तीन जागा बघायच्या. चिकन स्टॉकचे क्यूब: काहींमध्ये गव्हाचं पीठ किंवा गव्हापासून काढलेलं प्रथिन असतं. तळलेल्या कांद्याची पाकिटं: कुरकुरीत राहावा म्हणून कांदा पुष्कळदा मैद्यात घोळवलेला असतो. आणि तयार मसाल्याची पाकिटं, त्यांच्याबद्दल खाली.

हिंगाचं काय? चिमूटभरच तर घालतो.

अरबी भातात हिंग पडतच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवू नये. पण मराठी हात फोडणीला लागला की डबी आपोआप उघडते. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग ‘बांधणीचा’ असतो: हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ. ते पीठ गव्हाचं असू शकतं किंवा तांदळाचं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. गव्हाचं असेल तर ती चिमूटही नको.

तयार कब्सा मसाला आणू का?

घटकांची यादी पूर्ण छापलेली असेल, त्यात पीठ नसेल आणि पाकीट ग्लुटेन-फ्री म्हणून प्रमाणित असेल तर आणा. सुटा मसाला नको. खरं म्हणजे घरी करायला पंधरा मिनिटं लागतात. अरबीत ‘बहारात’ म्हणजे नुसतं ‘मसाले’. घरोघरचं प्रमाण वेगळं, आपल्या गोड्या मसाल्यासारखंच. माझं असं:

धणे २ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मिरे १ मोठा चमचा, लवंगा १ छोटा चमचा, हिरवी वेलची १०–१२, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, पाव जायफळ, बिया काढलेली १ लूमी, काश्मिरी मिरचीपूड १ मोठा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा.

अख्खे मसाले मंद आचेवर हाताला गरम लागेपर्यंतच भाजा. आपण गोडा मसाला करताना काळपट होईपर्यंत जातो, तसं इथे करायचं नाही. या मसाल्याचा वास हलका आणि गोडसर हवा. मिक्सरच्या भांड्यात दळा. डंक्यावर नेऊ नका, तुमच्या आधी कुणी काय कुटून नेलं ते सांगता येत नाही. पिठाच्या गिरणीत तर मुळीच नाही, तिथली हवासुद्धा गव्हाची असते.

बहारातऐवजी घरातला मसाला चालेल?

चवीने विचाराल तर गोडा मसाला नाही: दगडफूल आणि खोबरं आलं की भात मसालेभाताच्या गावाला जातो. त्यापेक्षा साधा गरम मसाला आणि जास्तीचे धणे बरे.

ग्लुटेनने विचाराल तर आणखी जपून. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन लोकांच्या बॉटल मसाल्यात पुष्कळ घरी भाजलेला गहू असतो. मेतकुटात गहू असतो. कुणी प्रेमाने घरचा मसाला बरणीत भरून दिला तर ‘यात काय काय आहे’ हे विचारायला लाजू नका.

लूमी म्हणजे काय आणि नसेल तर?

मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात खडखडीत वाळवलेलं लिंबू. इराकमध्ये त्याला नूमी बसरा म्हणतात. बाहेरून तपकिरी किंवा काळं, आत पोकळ, हलवलं की बिया वाजतात. वास लिंबाचाच, पण जुना, थोडा धुरकट, थोडा चिंचेच्या अंगाने जाणारा. पातेल्यात टाकताना सुईने दोन-तीन भोकं पाडायची. फोडून टाकली तर बियांचा कडवटपणा रश्श्यात उतरतो.

मुंबईत मोहम्मद अली रोडच्या मसालेवाल्यांकडे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. माझ्या दोन किलोंचा साठा संपल्यावर मी एप्रिलमध्ये कुरडया-पापडांच्या जोडीला लिंबंही वाळवते. (कुरडया गव्हाच्या, त्यामुळे लिंबांचं ताट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला.) लहान, पातळ सालीची कागदी लिंबं मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायची, पुसायची, कडक उन्हात रोज उलटायची. पुण्याच्या उन्हात तीन आठवडे लागतात. हाताला हलकी लागली की झाली.

अगदीच नसेल तर शेवटी ताज्या लिंबाचा रस आणि किसणीचे दोन हात मारलेली साल. आमसूल घालून पाहिलं. भाताचा रंग जांभळट झाला आणि चव सोलकढीची आली.

तांदूळ कुठला?

लांब दाण्याचा बासमती. सौदी, इराण, इराक हे भारतीय बासमतीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, म्हणजे तिथल्या परातीत निघतो तो भात पुष्कळदा आपल्याच शेतातला. आखाती घरांत आणि खानावळींत सेला बासमती फार वापरतात. तो आधीच वाफवून वाळवलेला असतो, मोडत नाही, रस्सा भरपूर पितो. पहिल्यांदा करणाऱ्याने सेलाच घ्यावा. इंद्रायणी, आंबेमोहोर या भातासाठी नाहीत; त्यांचा चिकटपणा वरणाला शोभतो.

सुटा तांदूळ नको, बंद पाकीट आणा. दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यात आणि तांदळाच्या पोत्यात फिरतं. घरी ताटात पसरून निवडताना मला सुट्या तांदळात गव्हाचे दाणे सापडले आहेत.

कोंबडी कशी आणायची?

कातडीसकट. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी काढून टाकतो, म्हणून आधीच सांगा. हा पदार्थ कातडीच्या चरबीवर उभा आहे: रश्श्याला चव तिची आणि नंतर ओव्हनमध्ये कुरकुरीत होते तीही तीच. अख्ख्या कोंबडीचे चार मोठे तुकडे करा. करीचे बारीक तुकडे उकळताना फाटतात. मसाला लावून ठेवलेली तयार कोंबडी आणू नका, त्या मसाल्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

पाच-सहा माणसांसाठी प्रमाण आणि कृती सांगा.

कोंबडी सव्वा किलो. सेला बासमती ३ कप, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. मोठे कांदे २, टोमॅटो ३, टोमॅटोची पेस्ट २ मोठे चमचे, लसूण ६–७ पाकळ्या, लूमी २, हिरव्या मिरच्या २ अख्ख्या. दालचिनी, ५ वेलच्या, ५ लवंगा, २ तमालपत्रं. बहारात दीड मोठा चमचा. तेल ३ मोठे चमचे, तूप १ चमचा, मीठ.

तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुऊन तासभर भिजत घाला.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल-तूप तापवून अख्खे मसाले टाका. कांदा टाकून वेळ द्या. पांढरट कांद्यावर थांबलात तर रस्सा फिका, काळा केलात तर कडू. मधासारखा रंग आला की लसूण, मग एक मोठा चमचा बहारात, लगेच चिरलेला टोमॅटो आणि एक चमचा पेस्ट. तेल सुटलं की कोंबडी कातडीची बाजू खाली ठेवून पाच मिनिटं परता. भोकं पाडलेली लूमी आणि मिरच्या टाका, सहा कप उकळतं पाणी आणि मीठ घाला. रस्सा चाखलात तर खारट वाटला पाहिजे, कारण भात पुढे मीठ ओढून घेतो.

झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. आपली ब्रॉयलर कोंबडी पंचवीस-तीस मिनिटांत होते. हाडाजवळ सुरी घातली तर पाणी गुलाबी येता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश.

आता कोंबडी बाहेर काढा. उरलेला एक चमचा पेस्ट, अर्धा चमचा बहारात आणि थोडं तेल एकत्र करून तुकड्यांना फासा. ओव्हन २०० अंशांवर, पंधरा मिनिटं. ओव्हन नसेल तर तुपावर दोन्ही बाजूंनी खरपूस परता, पण पोळ्यांच्या तव्यावर नाही.

रस्सा मोजा. हीच पायरी लोक गाळतात आणि इथेच भात बिघडतो. तीन कप भिजलेल्या सेलाला पाच कप रस्सा. साधा बासमती असेल तर साडेचार. कमी पडला तर गरम पाणी. रस्सा उकळला की निथळलेला तांदूळ घाला आणि एकदाच हलवा. मोठ्या आचेवर पाणी भाताच्या पातळीला आलं, वर भोकं दिसू लागली की झाकण, झाकणावर वजन, आच अगदी बारीक. पंधरा मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी दहा. तोवर उघडून बघायचं नाही.

मोठ्या ताटात भात पसरून वर कोंबडी मांडा. तुपात तळलेले बदाम आणि बेदाणे असतील तर छान, नसतील तर अडत नाही.

भात गिचका झाला. काय चुकलं?

रस्सा मोजला नाही, किंवा मध्येच चारदा ढवळला. कच्चा राहिला असेल तर टोमॅटोच्या आंबटपणाने शिजायला वेळ लागतो, अर्धा कप उकळतं पाणी शिंपडून झाकण लावा.

सोबत काय वाढायचं?

दक्कूस. टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची, मीठ. थोड्या तेलावर लसूण, मग टोमॅटोचा गर, दाट होईपर्यंत. भातावर ओघळेल इतपत. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी उरलेला दक्कूस भाकरीशी संपतो.

हशूसाठी कांदा कोरडा परतून पाणी आटवायचं, मग तूप, बेदाणे, शिजवलेली चणाडाळ, चिमूट बहारात. चणाडाळ आखातात भारतातूनच गेली. लोणच्याला कुवेती माणूस ‘आचार’ म्हणतो. मुंबईशी चाललेल्या जुन्या व्यापाराच्या या खुणा. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत होता.

खुबूस, म्हणजे तिथली रोटी, वाढू नका. एका ताटात जेवणार असाल तर शेजाऱ्यालाही नको, तुकडे भातात पडतात.

अरबी भातात शेवया पाहिल्या होत्या. त्या?

तो लेबनॉन, सीरिया, इजिप्तकडचा भात. शेवया गव्हाच्या, त्यामुळे नाही. हौस असेल तर कोकणात शिरवाळे करतात तशा तांदळाच्या शेवया वाळवून, तुपावर तांबूस करून घाला. चव जवळपास तीच.

रवा, खपली गहू, राई, सातू: यातलं काय चालतं?

रवा आणि मैदा म्हणजे गहूच. खपलीही गहूच, पचायला हलकी म्हणतात, पण ग्लुटेन तिच्यात आहे. सातू म्हणजे जव, त्यातही आहे. पाकिटावर ‘राय’ लिहिलं असेल तर ते युरोपातलं धान्य, ते नको. फोडणीची राई म्हणजे मोहरी, ती खुशाल खा. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांत ग्लुटेन नाही, फक्त दळण गव्हावर दळलेलं नसावं.

शिजवल्यावर ग्लुटेन जात नाही का? थोड्याने काय होतं?

जात नाही. ते प्रथिन आहे, जंतू नव्हे. सिलिॲकमध्ये शरीर ग्लुटेनवर चिडून स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. पोट दुखलं नाही तरी आत इजा होत असते, म्हणून ‘तिला काही झालं नाही, म्हणजे चालतं’ हा हिशेब चुकीचा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर भारतात एका किलोत २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एक किलोत २० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे चाळणीच्या कडेकडे बघून ठरवा.

घरात रोज पोळ्या होतात. वेगळं स्वयंपाकघर करायचं का?

नाही. क्रम बदला. आधी मचबूस, मग कणीक. कणीक मळताना उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं, म्हणून पोळ्यांनंतर लगेच नको. ओटा आधी ओल्या फडक्याने, मग धुतलेल्या दुसऱ्या फडक्याने. स्टीलची भांडी साबणाने घासली की पुरे. वेगळं ठेवायचं ते एवढंच: चाळणी, लाकडी डाव, चरे पडलेलं नॉनस्टिक आणि भाकरीचा तवा. आमच्याकडे त्यांना लाल रिबीन बांधली आहे. सासूबाई पहिल्यांदा हसल्या. आता पाहुणी मदतीला आली की त्याच आधी सांगतात, ‘लाल रिबिनीला हात लावू नका.’

हॉटेलात मंदी खाल्ली तर?

भातात गहू नसेलही. पण डाव एकच, तळणीचं तेल एकच, आणि ताटात रोटी बहुधा आधीच ठेवलेली. मी भाचीला नेत नाही.

आम्हाला कुणालाच सिलिॲक नाही. ग्लुटेन-फ्री केल्याने वजन उतरेल?

तूप, कातडी आणि बासमतीच्या ताटाने? नाही. जेवा आणि मजेत राहा. मात्र गहू खाल्ल्यावर खरोखरच त्रास होत असेल तर मनाने गहू बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी आणि आतड्याची बायोप्सी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडला तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो, आणि मग निदानासाठी पुन्हा गहू खायची वेळ येते.

उरलेला भात किती दिवस टिकतो?

पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना पाण्याचा हबका मारा आणि लूमी काढून टाका, रात्रभरात ती भात कडू करते.

मटणाचा होतो का? आणि शाकाहारी?

मटणाचा उत्तम होतो, फक्त शिजवायला दीड तास धरा. शाकाहारी करायचा तर भिजवलेले काबुली चणे, बटाटा आणि वांगं. भाचीच्या आजीसाठी शेजारच्या पातेल्यात तोच करते, आणि कोंबडीच्या पातेल्यातला डाव त्यात गेला की माझी खरडपट्टी निघते.